मूठभर कोंड्याची लेक

६ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचे. कोरपन्याहून अंधारात निघालो, अहेरीला दुपार झाली, आणि पुढे जीपमधून सागाच्या जंगलातला असा रस्ता की पोटातलं पाणी हललं. दिव्या मात्र सगळा वेळ झोपली. सतरा दिवसांची आहे, पण प्रवासाची सवय जन्मजात दिसते. केंद्र छान आहे. पाच कौलारू खोल्या, मधे अंगण, दोरीवर बाळोती वाळत घातलेली. बघूनच हायसं वाटलं.

समुपदेशक रश्मी मॅडमनी ही वही दिली. रोज लिहायचं, मनातलं लपवायचं नाही. तर घ्या. पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन गेला, तेव्हापासून मी मोहाची दारू प्यायला लागले. दिव्या पोटात असतानाही सातव्या महिन्यापर्यंत सुटली नाही. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी परत घेतली आणि सासूबाईंनी पकडलं. आता एकवीस दिवस इथे राहायचं, रोज सकाळी यंत्रात फुंकायचं. एकवीसही दिवस शून्य आलं तर दिव्या माझ्याजवळ. एकदा जरी काटा हलला तर ती सासूबाईंकडे आणि मी माहेरी. प्रणितने, माझ्या नवऱ्याने, मान खाली घालून हो म्हटलं. त्याचा राग येतो, पण नियमाचा येत नाही. चूक माझीच आहे.

८ नोव्हेंबर

दोन्ही दिवस शून्य. शून्य आल्यावरच पाजायचं, असा इथला कायदा. दुधाने तोंड पोळलेले ताकही फुंकून पितात म्हणे, आम्ही तर दूध द्यायच्या आधीच फुंकतो. हे ऐकून शेजारच्या खोलीतली माधवी खूप हसली. ती सिंदेवाहीची. तिचा मुलगा प्रफुल दोन महिन्यांचा, गालाला खळी. तिचे एकवीसपैकी बारा दिवस झालेत.

दुपारी शिकवणी असते. बाळाचं भुकेचं रडणं कोणतं, झोपेचं कोणतं, आपल्याला चिडल्यासारखं झालं तर बाळाला खाली ठेवून कोणाला हाक मारायची. मला वाटत होतं आपल्याला सगळं येतं. काही येत नव्हतं.

बाळांना मालिश करायला रुखमाबाई येतात. सत्तरीच्या आहेत, बाजूच्याच गावच्या. हात लागला की बाळ गप्प.

१० नोव्हेंबर

आज गंमत झाली. मालिश करताना रुखमाबाईंनी पहिल्या मुलाचं विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग हिले मले विकून टाक. विकलेल्या लेकराले काई होत नाई."

हा रिवाज मी ऐकला होता. ज्या आईची मुलं जगत नाहीत तिने बाळ सुपात घालायचं आणि दुसरीने मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. मग मरणाला वाटतं हे बाळ त्या आईचं नाहीच. आम्ही बौद्ध, आमच्या घरी असल्या गोष्टींना थारा नाही. पण म्हातारीचं मन कशाला मोडायचं? नव्या धानाचा कोंडा तिने माझ्या ओंजळीत टाकला, मी सूप पुढे केलं. माधवी म्हणाली की तिनेही असंच केलंय. आम्ही दोघी हसलो.

१३ नोव्हेंबर

शून्य. पण दिव्या नीट पीत नाही. मान फिरवते. मॅडम म्हणाल्या, धीर धरा, असं होतं. रुखमाबाईंच्या मांडीवर मात्र शांत पडून असते. दुपारी पाहिलं तर त्यांनी तिला पदराखाली घेतलं होतं. सत्तर वर्षांची बाई! पदर बाजूला झाला तेव्हा दिव्याच्या ओठांवर दूध होतं.

मॅडमना सांगितलं. त्यांनी यंत्र परत आणलं. शून्य आलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही. प्यायलेल्या बाईच्या तोंडाला काही किंमत नसते, हे आज कळलं.

१७ नोव्हेंबर

माधवी घरी गेली. एकटी.

जीपमध्ये चढली तेव्हा हातात फक्त पिशवी. मी धावत गेले, प्रफुलला विसरलीस म्हणाले. ती थांबली, विचार केल्यासारखं केलं. "काऊन थट्टा करून राह्यली वो? मले कुठी लेकरू हाय?"

तिचा नवरा रागाने माझ्याकडे बघत होता. जीप गेली. ओसरीवर रुखमाबाई प्रफुलला थोपटत बसल्या होत्या. मॅडम म्हणाल्या तो रुखमाबाईंचा नातू, आणि माझ्यासमोर रजिस्टर उघडलं. माधवीच्या नावापुढे बाळाचा रकाना कोरा होता.

वरती आठ तारखेला मी लिहिलंय. माधवीचा मुलगा. गालाला खळी. माझंच अक्षर आहे.

१९ नोव्हेंबर

शून्य. मॅडमनी बोलावून समजावलं. दारू सुटताना असे भास होतात, काहींना माणसं दिसतात, काहींना आवाज येतात. म्हणाल्या, परत असं बोललात तर अहवालात लिहावं लागेल. म्हणजे दिव्या जाईल. म्हणून गप्प राहायचं ठरवलंय. भीती वाटते आहे. खूप.

२२ नोव्हेंबर

सकाळी खोलीत एक बाळ होतं. मला वाटलं कोणीतरी ठेवून गेलं. मग आठवलं —

हातावर पेनने नाव लिहून ठेवलंय. रुखमाबाईंनी पाहिलं. अंघोळीच्या पाण्यात शिकेकाई जास्त टाकली. नाव गेलं.

२४ नोव्हेंबर

वहीचं पहिलं पान वाचलं. दिव्या कोण, हे कळायला वेळ लागला. माझी छाती दुधाने दुखते आणि कशासाठी ते मला आठवत नाही —

रुखमाबाईंच्या पाया पडले. माझं परत द्या म्हणाले. त्या म्हणाल्या, "सौदा मोडाचा असन त मोहाची प्या लागते. एकाच वाटीतून, दोघीईनं."

इथे सगळे सौदे असेच मोडतात. मलाही माहीत आहे. पण मी प्यायले तर यंत्र —

२६ नोव्हेंबर

उद्या शेवटचं फुंकायचं. प्रणित येणार. नाही प्यायले तर एकवीसही दिवस शून्य, आणि मी हसत, पिशवी घेऊन, एकटी — माधवीसारखी. दुखणारही नाही.

प्यायले तर सासूबाई नेतील. पण तिला आई असेल. दूर असेन, पण असेन.

२७ नोव्हेंबर

रुखमाबाई आल्या. वाटी अर्धी रिकामी. "म्या पेली. आता तू."

प्यायले.

दिव्या. दिव्या दिव्या दिव्या. सगळं आठवलं. ती माझ्याकडे वळली, तिने मला ओळखलं, ती रडते आहे, भुकेचं रडणं आहे, मला कळतं —

मॅडमनी यंत्र धरलं. काटा हलला. त्या मागे वळून म्हणाल्या, "रुखमाबाई, तुमच्या नातीला बाहेर न्या. ही प्यायली आहे." त्या माझ्या शेजारून गेल्या, तोंडाला मोहाचा वासच नव्हता.

प्रणित दारात आहे. मी म्हटलं, आईंना सांग, त्यांनी न्यावं, त्यांनी तरी न्यावं. तो रडायला लागला. "साधना, आपल्याले दुसरं लेकरू झालंच नाई."

दाराला बाहेरून कडी. अंगणात ती रडते आहे. आवाज फाटकाकडे —

वही मागताहेत. देणार नाही. कोणी वाचलं तर — जन्म वीस ऑक्टोबर, वजन दोन किलो चारशे, डाव्या टाचेवर तीळ, ती माझी आहे, मी तिला विकलं पण ती माझी आहे, तिला हाक मारली तर ती बघते, तिला फक्त दिव्या म्ह