क्र. ४ चे चाक

बरकतपुरा, २ जुलै १९४३, शुक्रवार
कचेरीस शुक्रवारची सुट्टी. गाडी विटांवर चढविली. पावसाळा संपेतो उतरविणे नाही. पाचही चाके काढून, धुऊन, टायरांस संगजिऱ्याची पूड लावून कोठीत अंधारात उभी केली. खडूने क्रमांक घातले. दर शुक्रवारी प्रत्येकास पाव फेरा, म्हणजे भार एकाच जागी राहत नाही. लढाई चालू असेतो नवा टायर मिळणे नाही. क्र. ४ चा टायर कडेला फाटलेला, मोच्याकडून शिवलेला. शिवण भिंतीकडे केली.
सौ. : "टायरांचे डोहाळे तुम्ही पुरवा. पोरीचे मी बघते."
उषाचे दिवस ऑगस्टअखेर. डॉक्टरीणबाई घरीच येणार. गाडीची गरज नाही.

९ जुलै, शुक्रवार
पाव फेरा दिला. डॉ. बाई चिक्कडपल्लीहून येऊन उषाला तपासून गेल्या. मूल पायाळू. सुईणीवर विसंबू नका, कळा येताच मला बोलवा, असे बजावले. जाताना विटांवरची गाडी पाहून : "रावसाब, ईंटां पे बिठाए, अंडे देती क्या?"
मी हसलो नाही. त्यांची गाडी आमच्याच बनावटीची. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत. नव्या टायरांच्या परवान्याचा त्यांचा अर्ज पडून आहे. बाईंनी माझी दोन चाके मागितली. कळवितो म्हणालो.

११ जुलै, रविवार
दिली. क्र. २ व क्र. ४. शिवण पुडीखाली झाकलेली होती. मी पुसली नाही. बाईंनी अंगठा फिरविला, सापडली.
"टांके तो मैं बी रोज डालती. पक्के है ना, रावसाब?"
"हो," म्हणालो.

१६ जुलै, शुक्रवार
तीन चाकांस पाव फेरा. मोची स्वतः 'पक्के' म्हणाला होता. मी असत्य बोललो नाही. तरी

२० जुलै, मंगळवार
कचेरीतून येताना बाईंची मोटार शेजारून गेली. शिवणीच्या जागी दर फेऱ्यास टप् असा आवाज. वळणापर्यंत ऐकत उभा राहिलो.

२३ जुलै, शुक्रवार
क्र. १ नेऊन क्र. ४ परत आणावयाचे ठरविले. दारापर्यंत नेले, पुन्हा जागी ठेवले. पाऊस होता.
(पाऊस थांबला होता.)

२९ जुलै, गुरुवार
उषा : "बाबा, बाई वेळेवर पोचतील ना?"
"त्यांच्याजवळ मोटार आहे," म्हणालो. तिचे समाधान झाले.

३० जुलै, शुक्रवार
सकाळी ७.४० ला कळा सुरू. महिनाभर आधी. टांगेवाला हुसेन याला चिठ्ठी देऊन पाठविले. बाई जामबागेत दुसऱ्या बाळंतिणीकडे होत्या; तेथे गाठले. निरोप : 'मोटारीने लगेच निघते, तू हो पुढे.' टांगा ९.१० ला परत आला. मोटार त्याच्याआधी यावयास हवी होती.
९.३०. नाही.
सौ. खोलीतून बाहेर आली : "अहो, येरझाऱ्या काय घालता? बघा ना कुठे अडकल्या!"
कोठीतून क्र. १ काढले. जॅक व पाना घेतला.

९.४५. टांग्यात लिहीत आहे, अक्षर हलते. जामबागेचा रस्ता. समोर मोटार नाही अजून.
हुसेन मागे वळून : "पहिया किसका, साब?"
"डॉक्टर बाई का," म्हणालो. "हाक तू."