सातव्या निवडणुकीचं पान

४ जून, सकाळी ७
वाचनालयाच्या सेक्रेटरींनी काल काम सोपवलं. आपल्या मतदारसंघाच्या तेरा निवडणुकांचा इतिहास, पुस्तिकेच्या रूपात. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. बायकोच्या मते दुसरं कोणी हो म्हणालं नाही. रोज एक निवडणूक. तेरा दिवसांत काम फत्ते.

९ जून
तीन झाल्या. वेग जरा कमी, पण इतिहासात घाई चालत नाही. पहिल्या निवडणुकीत उमेदवार दोनच, आणि ते एकमेकांचे व्याही. प्रचाराला एकाच जीपमधून जायचे. उतरल्यावर एकमेकांना शिव्या द्यायचे.

१५ जून
सहावी संपवली. सातवी सोडून आठवी घेतली. क्रमाला एवढं महत्त्व देऊ नये.

१६ जून
सेक्रेटरींचा फोन. म्हणाले, सातवी आधी पाठवा, लोकांना तीच वाचायचीय. दोघांना सारखी मतं पडून चिठ्ठी काढावी लागली, असं कुठे रोज घडतं? शिवाय हरलेले उमेदवार तुमचे सख्खे भाऊ. मी म्हणालो, म्हणूनच तटस्थ राहणं जड जातंय. उत्तर मला आवडलं.

१७ जून, दुपार
लिहिलं. दादा : अपक्ष, औषधांचं दुकान, चिन्ह शिट्टी, मतं १८,२४६. समोर गावातला एक कॉन्ट्रॅक्टर : मतं १८,२४६. चिठ्ठी कॉन्ट्रॅक्टरची निघाली. पुढच्या चार निवडणुकाही त्यानेच मारल्या. दादा ज्या जागेवर सरकारी हॉस्पिटल बांधणार होता तिथे आता कॉन्ट्रॅक्टरचा पेट्रोल पंप आहे.

एक नोंद फक्त या वहीसाठी. त्या दिवशी मी मत दिलं नाही. आठवडाभर पोस्टरं चिकटवून पाठ धरली होती. जेवण अंगावर आलं. जरा आडवा झालो तो सव्वासहाला उठलो, आणि मतदान सहालाच बंद झालेलं. संध्याकाळी दादाने विचारलं, मत टाकलंस ना? हो म्हणालो. निकाल लागायचा होता, तोवर ते खोटं लहानच होतं. बोटाला पेनातली शाई लावावी लागली, ती केवळ दादाचं मन राखायला.

त्या दिवशी चोवीस हजार लोकांनी मत दिलं नव्हतं. त्यांच्यापैकी कोणी एकतीस वर्षं हे मनाला लावून घेतलं असेल असं वाटत नाही. मीसुद्धा घेतलेलं नाही.

२२ जून
निवडणूक कचेरीत गेलो. कोणी मत दिलं, कोणी नाही, अशा खुणांच्या जुन्या याद्या असतात का, ते सहज विचारलं. क्लार्क म्हणाला, त्या केव्हाच नष्ट केल्या. पुराव्याअभावी इतिहासकाराला गप्प बसावं लागतं, हा नियमच आहे. येताना आइस्क्रीम खाल्लं.

२५ जून
अगदीच गप्प बसणं बरं दिसेना. एक वाक्य घातलं : 'एका अज्ञात मतदाराच्या आळसाने इतिहास बदलला.' आळस खोडून अनुपस्थिती केलं. मग अनुपस्थिती खोडून प्रकृतीचं कारण. छापायला दिलं.

६ जुलै
पुस्तिकेचं प्रकाशन. दादा-वहिनी पहिल्या रांगेत. मी सातवी निवडणूक वाचून दाखवली, आवाज चांगला लागला होता.

नंतर खुर्च्या आवरताना वहिनी जवळ आल्या. म्हणाल्या, भावजी, तो मतदार अज्ञात नाही हो. बूथबाहेरच्या टेबलावर यादी घेऊन मीच बसले होते. पाच वाजले तरी तुमच्या नावापुढे टिक नाही, म्हणून घरी आले. तुम्ही गाढ झोपला होतात. आठवडाभर राबला होतात, कीव आली. पंखा जरा वाढवला आणि परत गेले. उठवलं असतं तर हे निवडून आले असते. घरातले सगळे मत देऊन आले असंच मी ह्यांना सांगितलं. एकतीस वर्षं हे ओझं माझ्या डोक्यावर आहे.

मी म्हणालो, वहिनी, एवढं मनाला लावून घेऊ नका.

असं म्हणालो. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझे आभार मानले.

७ जुलै
दिवसभर काही लिहिलं नाही. जेवलो नाही. बायकोने विचारलं, पित्त का? हो म्हणालो.

८ जुलै, सकाळी ११
दादाच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. झोप, शाई, वहिनी. त्यांची काही चूक नाही, हे दोनदा सांगितलं.

दादा गोळ्यांच्या पट्ट्या लावत होता. हात थांबवले नाहीत. म्हणाला, तिला आजच सांगतो, उगाच झिजली बिचारी. मग म्हणाला, एक विचारू? उठला असतास तर मत मलाच दिलं असतंस?

मी तोंड उघडलं. सख्ख्या भावाने विचारल्यावर झटक्यात हो यायला हवं. तो आठवडाभर गावात मला कोणी नावाने हाक मारली नव्हती, सगळे 'उमेदवारांचा भाऊ' म्हणायचे, ते आठवलं. पोस्टरं चिकटवताना ते मला कसं लागायचं, तेही.

एक बाई खोकल्याचं औषध मागायला आल्या. दादाने बाटली दिली, किती चमचे ते समजावलं, सुट्टे परत केले. बाई गेल्या. मी अजून विचारच करत होतो.

दादा म्हणाला, राहू दे. बस, चहा मागवतो.