अर्धा तुकडा

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय ताई,

प्रभूच्या कृपेनं तुम्ही सगळे सुखरूप असाल. भावजींची पाठ कशी आहे? इकडे आम्ही ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

'आम्ही ठीक' असं लिहिलं खरं. खोडत नाही, पण तू विश्वास ठेवू नकोस.

आई आता मला 'बाई' म्हणते. "बाई, माझ्या मुली शाळेतून आल्या का?" मी म्हणते, "आल्या, जेवल्यासुद्धा." मग ती शांत होते. पण आंघोळीचं नाव काढलं की बिथरते, ओरबाडते. शेजारचे दार उघडून बघतात. मला धड झोप नाही. शिवताना सुई बोटात घुसते, तेव्हा कळतं की डोळा लागला होता.

शुक्रवारी ती तापलेल्या इस्त्रीला हात लावायला गेली. मी मागं ओढलं, तर माझ्या तोंडावर थुंकली. आणि ताई, माझा हात उठला. आईवर. गालावर मारलं मी तिला. चष्मा उडून पलंगाखाली गेला. ती रडली नाही. भिंतीला चिकटून म्हणाली, "पुन्हा नाही करणार हो, बाई."

चहा होईपर्यंत ती सगळं विसरली. मी कशी विसरू? तेव्हापासून तिच्याजवळ जाताना हात पाठीमागं धरते. पुन्हा उठला तर?

आज आईला घेऊन उपासनेला गेले, तेव्हा देवळाच्या दारातच पाळकसाहेबांना म्हटलं, "मी आज प्रभुभोजनाची भाकर घेणार नाही. माझी लायकी नाही."

ते म्हणाले, "लायकीच बघायची, तर मलाही तुझ्याबरोबर परत फिरावं लागेल." मला हसूसुद्धा आलं नाही.

सगळे पुढं गेले. मी बाकावरून उठलेच नाही. आईला फारसं चालवत नाही म्हणून पाळकसाहेब भाकर घेऊन आमच्याकडे आले. आईनं हातात घेतली. माझ्यापुढं ताट आलं तशी मी मान खाली घातली. ते ताट तसंच धरून उभे राहिले. बाकीचे बघत होते. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

तेवढ्यात आईनं आपल्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या ओठांशी धरला. "खा गं. रागावलं का तुला कुणी? खा, मी आहे ना."

'बाई' नाही म्हणाली. ओळखलं का, कोण जाणे. पण त्याच गालावर हसू होतं, ताई. मी खाल्लं. देव आपल्या चुका मनात ठेवत नाही, हे लहानपणापासून ऐकत आले. ते असं समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

भीती मात्र गेलेली नाही. उद्या तिला आंघोळ घालायचीच आहे. क्षमा मिळाली म्हणून माझी झोप भरून निघत नाही, आणि माझ्या हाताची खात्री मला अजून नाही. तू दर वेळी विचारतेस, "काही लागतं का?" आणि मी "काही नको" म्हणते. लागतं, ताई. तू लागतेस. मला रागव, पण ये. मला एकटीला झेपत नाही.

वाट बघतेय.

आईची आणि तुझी,
धाकटी