साहेब आणि कारकून

मंगळवार, ३ फेब्रुवारी

चि. धाकोबास,

ताईचा आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. रविवारी साहेबांना न्यायला येतोयस, त्यांच्यासाठी गॅलरीत गादीही घातलीस, हे तीनदा वाचलं. उत्तराला चार दिवस लागले, कारण इथे श्वास घ्यायला सवड नसते. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

आज एक्केचाळीस कुत्री आहेत आणि सव्वीस मांजरं. काल फाटकाबाहेर पुन्हा एक खोकं होतं, आत चार पिल्लं आणि चिठ्ठी : ‘बदली झाली आहे, कृपया सांभाळावे.’ परवा एक बाई मांजर परत करायला आल्या, का तर ते नव्या सोफ्यावर नखं काढतं. मी म्हटलं, “सोफा इथे ठेवा आणि मांजर घेऊन जा.” बाई फणकारल्या आणि मांजर ठेवूनच गेल्या. आमच्या झाडलोटीच्या मावशी इतक्या हसल्या की कंबर धरून खाली बसल्या, मग मीच त्यांना उठवलं. दोघींची वयं मिळवली तर सव्वाशे भरतात. फिनेलची बादली उचलायला हल्ली दोघी लागतो.

थकले रे. सकाळी डोळा उघडायच्या आत भुंकणं सुरू होतं आणि मला वाटतं, सगळ्यांनी एकदाचं गप्प बसावं. जी कुणालाच नको होती ती ही जनावरं, आणि आता मलाही काही सकाळी नको असतात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनला जायचं तर इथे कोण बघणार, म्हणून ढकलतेय. तुला हे आजवर कळवलं नव्हतं. आज कळवायला कारण आहे.

दीड वर्षापूर्वी तुझी बायको गेली. तिचा कुत्रा घरभर तिला शोधत फिरायचा, ते तुला बघवेना, म्हणून तू त्याला माझ्याकडे आणलंस. साहेब हे नाव तिनेच ठेवलेलं. कामाच्या नावाने शून्य आणि सेवा मात्र सगळ्यांकडून हवी. इथेही त्यांचा तोच थाट. त्यांच्याच अंगकाठीचा, तसाच तपकिरी आणि पांढऱ्या छातीचा एक म्हातारा कुत्रा आमच्याकडे आधीपासून होता. तो साहेबांच्या मागेमागे फिरायला लागला, तेव्हा मावशींनी त्याला कारकून म्हणायला सुरुवात केली. साहेबांनी तोंड लावल्याशिवाय कारकून ताटलीला शिवायचा नाही. संध्याकाळी मी तिच्यासारखीच हाक मारायचे, “साहेब, ऑफिसला चला!” की दोघे ओळीने जेवायला हजर.

जानेवारीत कारकुनाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, दुखणं वाढण्याआधी सोडवू या. आमचे डॉक्टर गुरुवारी येतात. ज्याला सोडवायचं, त्याच्या गळ्यात मी सकाळी लाल फीत बांधते, लोणी लावलेला पाव भरवते आणि इंजेक्शनच्या वेळी त्याचं डोकं मांडीवर घेते. अठरा वर्षांत हे कधी चुकवलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे तोऱ्यात सांगायचे, की माझ्याकडून कुणी एकटं जात नाही.

पंधरा तारखेच्या गुरुवारी उजाडता उजाडता शेडमध्ये गेले. कारकून कोपऱ्यातल्या पोत्यावर झोपतो, साहेब खाटेखाली. त्या दिवशी थंडीमुळे त्यांनी जागा बदलल्या होत्या. मी कुत्रा पाहिलाच नाही, जागा पाहिली. पोत्यावर जो होता त्याला फीत बांधली आणि पाव दिला. त्याने लगेच खाल्ला. साहेबांच्या आधी न खाणारा कारकून लगेच कसा खाईल, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टर आले तेव्हा मी मांजरांच्या खोलीत डोळ्यांचे थेंब घालत होते. त्यांनी बाहेरून विचारलं, “ताई, येताय ना? हा आज बरा दिसतोय हो.”

मी आतूनच ओरडले, “ठरलंय ना डॉक्टर? मग उरका.”

उरका म्हणाले मी, धाकोबा. थेंब तासाभराने घातले असते तरी चाललं असतं. मला फक्त आणखी एक डोकं मांडीवर घ्यायचं नव्हतं. घेतलं असतं तर तिथेच कळलं असतं, कारण मांडीवर डोकं टेकण्याआधी साहेब माझं मनगट चाटायचे. त्याला डोळे लागत नाहीत. मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. डॉक्टरांच्या ड्रायव्हरने चादरीत गुंडाळून कुंपणापाशी पुरलं, आणि मी त्याला चहा करून दिला.

संध्याकाळी हाक मारली तर कारकून एकटाच आला. ताटलीपाशी उभा राहून मागे बघत राहिला. जेवला नाही.

त्यानंतर चार दिवसांनी मी तुला लिहिलं, ‘साहेब मजेत आहेत.’ तेच वाचून तू गादी घातलीस. तुझं पत्र आल्यावर आणखी एक पाप केलं. दोन दिवस कारकुनाला साहेब म्हणून हाका मारल्या. दीड वर्षात तू एकदाही आला नाहीस, तुला फरक कळला नसता. टोमणा मारत नाही, माझं मन कुठवर गेलं ते सांगतेय. पण ‘साहेब’ म्हटलं की तो दाराकडे बघतो. त्याला अजून वाटतं, ते येताहेत.

साहेब नाहीत. तिचं जे एक जिवंत तुझ्याजवळ उरलं होतं, ते तू माझ्या भरवशावर ठेवलंस आणि माझ्या हातून गेलं. माफी मागते. द्यायची घाई करू नकोस.

कारकुनाचं दुखणं आता वाढलंय. परवा गुरुवारी डॉक्टर येतील. त्याचं अंथरूण मी खाटेखाली, साहेबांच्या जागी घातलंय. तिथे तो शांत झोपतो. फीत मावशी बांधतील, माझ्या डोळ्यांवर मी विसंबणार नाही. मांडी मात्र माझी, कितीही वेळ लागो.

पत्र आजच टाकते, म्हणजे शनिवारपर्यंत पोचेल. रविवारी यायचं की नाही ते तू ठरव. आलास तर दोघे कुंपणापाशी शेजारीशेजारी असतील. साहेब फाटकाच्या बाजूला.

तुझी,
त्या वेळी शेजारच्याच खोलीत असलेली,
ताई