कोपऱ्यातल्या झाडाची साल

प्रिय ठोकळ्या,

एकोणतीस वर्षांनी तुला या नावाने हाक मारतोय. पत्र न वाचता फाडणार असशील तर खुशाल फाड, पण आधी कागदाचा वास घे. दोन दिवस हा कागद आमच्या पॅकिंग शेडमध्ये नासपतींच्या क्रेटवर पडून होता. लिहायला बसायचो, दोन शब्द व्हायचे आणि मन कुठल्या कुठे जायचं. बहुतेक वेळा ते आपल्या वर्गातच जायचं. तू बाकापुढे उभा, हात पाठीशी, नदीची ती कविता म्हणतोयस. पहिल्या दोन ओळी घडाघडा. तिसरीला मात्र लाकडाच्या ठोकळ्यासारखा गप्प. मग मागून मी कुजबुजायचो आणि तुझी नदी पुन्हा वाहायला लागायची. बाईंना सगळं कळायचं, पण त्या नेमक्या तेव्हाच खिडकीबाहेर बघायच्या.

बाग आता नात बघते. तिची सत्तावीस वर्षं आणि माझी ऐंशी, पण शेडमध्ये थोरली तीच. यंदा तिने पहिल्यांदा माल परदेशी पाठवायचा घाट घातला. वर्षभर झाडाझाडाला चिकट सापळे टांगले होते, दर सोमवारी त्यांतले पतंग मोजून वहीत लिहायचे. शेडच्या खिडक्यांना बारीक जाळी, प्रत्येक क्रेटवर ओळीचा नंबर. पेटीत माती नको, काडी नको, पानसुद्धा नको. मी एका पेटीत शोभेला एक हिरवं पान ठेवलं, तर केवढ्याने ओरडली! "आजोबा, कविता पेटीबाहेर!" तू म्हणायचास तेच तिचंही म्हणणं, की समुद्रापलीकडे नुसतं फळ जावं, त्याच्याबरोबर आपली बाग जाऊ नये. तुझ्या तोंडून ऐकताना ते मला कोरडं, सरकारी वाटायचं. आता जाळीतून गाळून आलेल्या उन्हात बसलो की वाटतं, यातही काहीतरी लय आहे. कुणाच्या तरी अनोळखी झाडांची इतक्या लांबून काळजी घ्यायची.

माझा माल परदेशी जायचा होता, तो दिवस तुला आठवत असेलच. तू शेती खात्याच्या गाडीतून उतरलास, खिशाला तेच पितळी कडीचं भिंग. मी निर्धास्त होतो. तपासणीला आपलाच माणूस, मग काय! तू हव्या त्या पेट्या बाजूला काढल्यास आणि एकेक फळ फिरवून बघायला लागलास, देठ, पोट, बूड. एका फळाशी थांबलास. अगदी तसाच, ठोकळ्यासारखा. आणि सवयीने मी मागून वाकून कुजबुजलो, "पुढे." तू पुढे गेला नाहीस. भिंग माझ्यासमोर धरलंस आणि म्हणालास, "तूच बघ." मी बघितलं नाही. दाखला मिळाला नाही, सगळा माल रस काढणाऱ्या कारखान्यात गेला आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तुझी वहिनी तेव्हा म्हणाली होती, "परीक्षा तुमची, नापास तुम्ही, आणि रुसलात मास्तरांवर!" अजूनही म्हणते. आजारपणातही तिची जीभ शाबूत आहे, त्याची काळजी करू नकोस.

गेल्या मंगळवारी मी छाननीच्या टेबलाच्या शेवटाला होतो. म्हाताऱ्याला घाई नसते म्हणून नातीने मला भिंग देऊन तिथे बसवलंय. तपासणी गुरुवारी होती. दुपारची जेवणाची सुट्टी, सगळे बाहेर सावलीला. हातातल्या एका फळाच्या बुडाशी छोटंसं तांबूस वर्तुळ दिसलं. वाटलं, फळ लाजलंय. खरंच, इतकं देखणं होतं ते! मग भिंग धरलं. वर्तुळाच्या मधोमध पेन्सिलीच्या टोकाएवढा करडा ठिपका. नखाने उचकटला, तर खाली पिवळं, जिवंत. खवले कीड. आयुष्यात पहिल्यांदा मी ती नीट बघितली, ठोकळ्या. तू धरलेल्या भिंगातून दिसली असती तशीच.

अंगठ्याने पुसून टाकता आली असती. कोणी बघत नव्हतं. पण माझ्याच कानात माझीच कुजबुज आली, "पुढे," आणि मला माझीच लाज वाटली. नातीला हाक मारली. तिने क्रेटचा नंबर बघितला. कोपऱ्यातली ओळ, कुंपणाजवळची. तिचा चेहरा उतरला. "पण त्या झाडाची जुनी साल तर तुम्ही खरवडली होती ना, आजोबा?" खवले कीड जुन्या सालीच्या फटींत दडून हिवाळा काढते, म्हणून बागेतलं प्रत्येक खोड तिने घासून घेतलं होतं. ते एक झाड माझ्या हट्टाने माझ्याकडे होतं. मी सकाळभर ब्रश घेऊन त्याच्याखाली बसलो, नदीची कविता म्हणत बसलो आणि घरी येऊन सांगितलं, झालं. झालं नव्हतं. त्या सालीवर खिळ्याने कोरलेली आपली दोन नावं आहेत, ठोकळ्या आणि कुजबुज्या. माझा हात धजावला नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या ओळीचे सगळे क्रेट तिने बाहेर काढले, उरलेलं एकेक फळ दोन दिवस पुन्हा तपासलं, आणि गुरुवारी आलेल्या अधिकारी बाईंना, त्यांनी काही विचारायच्या आधीच, स्वतःहून सगळं सांगितलं. बाईंनी दुप्पट पेट्या उघडल्या. चार तास मी मागे उभा होतो, पण या वेळी तोंड मिटून. दाखल्यावर सही झाली. थोडाच माल गेला, पण ताठ मानेने गेला. तेव्हा नात हसली आणि मला तू आठवलास.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. तू माल नाकारलास त्या आठवड्यात दुकानात कोणीतरी मला विचारलं होतं, "काय हो, साहेबांनी काही मागितलं होतं का?" मी नाही म्हणालो नाही. नुसता हसलो. त्या हसण्याचं गावाने काय केलं आणि तुझी बदली का झाली, हे मला तेव्हाच कळलं होतं. जन्मभर तुझ्या मागून बोलत आलो आणि जिथे बोलायचं तिथेच गप्प बसलो. काल बागायतदारांच्या बैठकीत उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या माणसाने एक पैसा मागितला नव्हता, माझ्या फळाला कीड होती. उशीर फार झाला, ठाऊक आहे. माफ कर म्हणायलाही जीभ अडखळते. पानगळ संपली की पहिल्या रविवारी कोपऱ्यातल्या झाडाची साल मी स्वतःच्या हाताने खरवडणार आहे, नावांसकट. त्याआधी एकदा येशील का? भिंग घेऊन ये. आणि अरे, ती तिसरी ओळ मला आता आठवत नाही. मी झाडापुढे उभा राहीन. तू मागे उभा राहा.

तुझाच,
कुजबुज्या