आराखड्यातला रस्ता

यवतमाळ,
१९ जानेवारी २०२५

प्रिय वामनराव,
सप्रेम नमस्कार.

आज रविवार. सकाळी पाणी भरलं, गौरीला नागपूरच्या बसमध्ये बसवलं, येताना भाजी आणली. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

गौरीचं यवतमाळच्या हवेचं काम झालं. शहरात हवा मोजणारी यंत्रं मोजकीच. बाकी ठिकाणी रस्त्यांची रुंदी, कापसाचे जिनिंग कारखाने, झाडं, घरांची दाटी नकाशावरून घेऊन हवा किती खराब असेल याचा अंदाज काढतात. दोन आठवडे मी तिच्यासोबत फिरलो. भूमी अभिलेखमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला पुन्हा नकाशा हातात आल्यावर बरं वाटलं.

मंगळवारी ती आंघोळीला गेली असताना मी तिच्या लॅपटॉपवर पाहिलं. आपलं घर गडद लाल. शीलाच्या तेराव्याला बहिणीसाठी रडताना तुम्ही म्हणाला होता, "इथल्या हवेनं नेलं तिले. कळंबले माझ्याकडे पाठवली असती तर राहिली असती." तेच तिथं रंगवलेलं दिसलं.

शुक्रवारी पुन्हा नीट पाहिलं, तर घरामागून अठरा मीटरचा रस्ता गेलेला.

"गौरी, हा रस्ता कुठं आहे?"

"विकास आराखड्यात आहे ना, बाबा."

"आराखड्यातच आहे. तिथं हंसाबाई तूर वाळू घालते."

"मग काहून नाही सांगितलं?"

"तू नकाशा दाखवला कुठं मले?"

घर लाल आलं म्हणून माझ्यापासून लपवत होती बिचारी.

रस्ता काढून तिनं पुन्हा गणित केलं. घर पिवळ्यावर आलं. कळंबइतकी चांगली हवा नाहीच. शिवाय आई कशानं गेली ते यातून निघत नाही, असंही तिनं सांगितलं.

तरी मला हलकं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली. शीला आजारी होती तेव्हा, डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली आहे, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. ते तसं म्हणाले नव्हते. शीलानं दोनदा विचारलं, "कळंबले नेता का?" मीच टाळलं. ती घरात नाही, असा एक दिवस मला नको होता.

आता सवय होते आहे. झोप लागते, सकाळी फिरून येतो. हे वाचून राग येईल. तरी या, आणि इथं येऊन बोला.

दिवे लागले. एका माणसापुरती कणीक भिजवायला घेतो. पाणी अजून जास्तच पडतं.

तुमचा,
देवराव