आमदाराच्या आईची बेल

प्रिय भुणभुण,

आमदार झालीस म्हणून मी काही तुला 'ताईसाहेब' म्हणणार नाही. लहानपणी दिवसभर माझ्या कानाशी हे असं का नि ते तसं का करत फिरायचीस, म्हणून हे नाव पडलं. आता तेच काम तू सभागृहात करतेस आणि लोक त्यासाठी तुला निवडून देतात. मी तर फुकटात ऐकत होते! फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तर फोनवर माझं अर्धं वाक्य झालं की तू मीटिंगमध्ये शिरतेस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आधी आनंदाची बातमी. मी चालले! वॉकर धरून का होईना, पण खाटेपासून दारापर्यंत आणि दारातून कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत. नव्या गुडघ्यात ती जुनी कळ नाही गं. कित्येक वर्षं दात-ओठ आवळून चालणारी मी, खिडकीशी पोचल्यावर अक्षरशः हसत सुटले. व्यायाम घेणाऱ्या मुलीला मी हवालदार म्हणते, कारण ती एका पावलाचीही सूट देत नाही. पण तीसुद्धा माझ्याबरोबर हसली. डॉक्टरांच्या हाताला तर तोड नाही, हे आधीच लिहून ठेवते. पुढे मी बरीच बडबड करणार आहे, पण खरं ते खरं.

आता आपली अडचण. तुझे दोन प्रश्न पुढच्या आठवड्यात सभागृहात यायचेत. एक, हिरव्या पानाचा शिक्का मारून 'निसर्गस्नेही' म्हणून जे खाणं विकतात ते खरंच तसं आहे का, हे कोण तपासतं. आणि दुसरा, खासगी रुग्णालयांत पेशंटकडे बघायला पुरेशी माणसं असतात का. आणि नेमकी त्याच वेळी तुझी आई एका खासगी रुग्णालयात गुडघा बदलून पडलीय. डावा झालाय, उजवा व्हायचाय, आणि तोही यांच्याच हातून. तुझा प्रश्न एकीकडे आणि माझा गुडघा एकीकडे!

तू आमदार आहेस हे इथे कुणाला सांगायचं नाही, असं मी बाबांना दम देऊन ठेवलं होतं. तुझ्या बाबांच्या पोटात काही राहत नाही, तरी त्यांनी कसंबसं ठेवलं. फोडलं ते मीच. झालं काय, दुपारी खोलीतल्या टीव्हीवर तू दिसलीस. सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर उभी, हातात एक काकडी, काकडीला प्लास्टिकचा अंगरखा आणि त्यावर हिरवं पान. पत्रकारांना विचारत होतीस की हे प्लास्टिक कुठल्या वेलीवर उगवतं. बोललीस झकास. पण केस! कावळ्याने घरटं सोडून दिल्यासारखे! माझा जिभेवर ताबा राहिला नाही. अगं, केस तरी विंचरून जायचं, असं मी टीव्हीवर ओरडले. सूप घेऊन आलेल्या मावशींनी माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि सूप तिथेच ठेवून ज्या पळाल्या!

त्यानंतर काय विचारतेस. तोवर मी म्हणजे 'खिडकीकडचा गुडघा' होते. संध्याकाळी 'आईसाहेब' झाले. उशीला जोडी आली. पडदे बदलले. सूप गरम यायला लागलं. खालच्या मजल्यावर यांचं स्वतःचं दुकान आहे, तिथे हेच सूप हिरव्या पानाच्या बाटलीत विकतात. ताटाबरोबर एक कार्डही येतं, त्यात गाजराची जन्मकथा असते: ते कुठल्या मातीत वाढलं, किती प्रेमाने उपटलं. कार्ड मी रोज वाचते. सूपमध्ये ते गाजर मात्र अजून भेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संचालक स्वतः फळांची टोपली घेऊन आले. टोपलीला प्लास्टिक, प्लास्टिकला रिबन, रिबनला हिरवं पान, आणि पानावर लिहिलेलं की या फळांमुळे धरतीचा भार हलका होतो. आत सफरचंदं, विमानाने आलेली. तसं त्यांनीच अभिमानाने सांगितलं. माझ्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर बाई आहेत, खुब्याचं हाड मोडून आलेल्या. त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं की सफरचंदांची तिकिटं कुणी काढली. मला हसू आवरेना, टाके दुखेपर्यंत हसले. संचालकही हसले, पण उशिरा. मग त्यांनी माझ्या उजव्या गुडघ्याची फार मायेने चौकशी केली, आणि इथे सगळं कसं छान चाललंय ते ताईंच्या कानावर घाला, असं म्हणाले. मी म्हटलं, घालते की, सगळंच घालते.

पण खरी गंमत बेलची. प्रत्येक खाटेशी एक बटण असतं. ते दाबलं की सिस्टरच्या टेबलावर दिवा लागतो. आधी मी बेल दाबून एक डुलकी काढायचे, तरी कुणी यायचं नाही. आता बटणाकडे हात नेला तरी दार उघडतं! कंडक्टर बाईंची बेल मात्र पहिल्यासारखीच, ढिम्म. मग मी काय केलं? त्यांना पाणी हवं, मी बेल दाबली. त्यांना कूस बदलायची, मी बेल दाबली. ही बातमी वॉकरवरून मजलाभर फिरली. चालायच्या वेळेला माझ्या दारात थांबून लोक हळूच आपापली कामं सांगू लागले. कुणाची सलाइन संपलेली, कुणाला दुखण्याची गोळी हवी, तर कुणाला नुसतं विचारायचंय की डॉक्टर कधी येणार. मी खाटेवर बसून सगळ्यांच्या बेला वाजवत होते. भुणभुण, खरं सांगते, मला इतकं महत्त्व जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी चांगलाच भाव खाल्ला. तू आमदार आहेस तर मी या मजल्याची मंत्री होते.

मग ती चार दिवसांपूर्वीची दुपार. ऊन चादरीवर आलं म्हणून मी पडदा ओढायला बेल दाबली. नुसता पडदा! सिस्टर धावत आली. त्याच वेळी टोकाच्या खोलीतले घड्याळदुरुस्तीवाले आजोबा केव्हाचे बेल दाबून बसले होते. कुणी येईना म्हणून ते एकटेच उठायला गेले आणि घसरून जमिनीवर बसले. धप्पकन आवाज आला आणि मी वॉकर धरून दाराबाहेर गेले. नशीब थोर, काही लागलं नाही. आजोबा खाली बसल्या बसल्या आपला चष्मा शोधत होते आणि इतक्या खालून मजला पहिल्यांदाच बघतोय म्हणत होते. सगळे हसले. सिस्टर मात्र हसली नाही. अख्ख्या मजल्याला ती एकटीच असते गं. आमदाराच्या आईकडे आधी जा, असं तिला वरून सांगितलेलं. मी तिला जवळ बसवून सफरचंद दिलं. ती खाता खाता रडली, आणि मला माझ्याच बेलचा राग आला.

मला वाटत होतं मी सगळ्यांसाठी बेल वाजवतेय. पण धावणारं माणूस एकच. मी ओढून घेतलं की दुसऱ्याला कमी पडणार. गाजराची जन्मकथा लिहायला इथे माणूस आहे, रिबन बांधायला माणूस आहे, बेल ऐकायला मात्र एकच. त्या दिवसापासून मी बटणाला हात लावलेला नाही. पाणी मीच उठून घेते, कंडक्टर बाईंनाही देते. हवालदार म्हणते, पाय त्यामुळेच इतक्या लवकर सुधारला. म्हणजे बघ, त्यातही माझाच फायदा!

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. काल बाबा आले आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या पोटातलं बाहेर पडलं. आईचा दुसरा गुडघा होईपर्यंत तू दोन्ही प्रश्न मागे घेणार आहेस म्हणे. माझी लेक माझ्यासाठी एवढं करते म्हणून मला आधी रडू आलं, मग असा राग आला की बाबा डबा न घेताच घरी गेले. बाई गं, मी परवा घरी येईन तेव्हा माझी बेलही माझ्याबरोबर जाईल. कंडक्टर बाई आणि आजोबा इथेच असतील. त्यांच्यापैकी कुणाची मुलगी आमदार नाही, पण त्यांनी मत दिलेलं आहे. उजव्या गुडघ्याची काळजी करू नकोस. तो मी इथेच, याच डॉक्टरांकडून करून घेणार, तुझे प्रश्न विचारून झाल्यावर, ताठ मानेने. हवालदाराने मला जिना शिकवलाय: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा. माझा बरा कुठला, विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी जो कमी कुरकुर करेल तो. सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीला जिना आहे, मी बाबांना विचारून घेतलंय. प्रश्नाच्या दिवशी मी वर पहिल्या रांगेत बसलेली असेन. तेव्हा उभी राहा, खणखणीत आवाजात विचार, आणि त्याआधी केस विंचर.

तुझीच, आता स्वतः उठून पाणी पिणारी,
आई